वाईट दिवसांत हसण्याचा खरंच उपयोग होतो का, की ती स्वतःची फसवणूक?

उपयोग होतो. पण तुमच्या प्रश्नातला ‘फसवणूक’ हा शब्द मला लागला, कारण आमच्या काकांनी आजीला हाच ऐकवला होता.

माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीवाल्यांचं. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांचे एकात एक पापुद्रे, सगळं पाण्यानं भरलेलं. वर घडाचं ओझं आलं की जोराचा वारा सोसतच नाही. त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं. कापणी 15 दिवसांवर होती. अर्ध्या तासात 4000 खोडं झोपली. सकाळी सगळे बांधावर उभे, कोणी बोलेना. वडील एक कच्चा घड उचलून बघत होते आणि चीक त्यांच्या बाहीवर ओघळत होता. तो डाग काळा पडतो, कशानं जात नाही. आईनं तो शर्ट अजून ठेवलाय.

आजी म्हणाली, “वारा कामाचा गडी निंघाला बापा! एका रात्रीत सारी बाग आडवी केली, न् मजुरीचा रुपया नही लागला.”

वडील तिच्याकडे बघतच राहिले. मग हसू फुटलं, ते थांबेना, आणि हसता हसता ढसाढसा रडले. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. रडून झाल्यावर तांब्याभर पाणी प्यायले आणि तलाठ्याला फोन लावला.

काका भडकले. “घर बुडालं आणि दात काढता? स्वतःची फसवणूक आहे ही!” आजही लग्नकार्यात भेटले की हेच काढतात.

काका साफ चुकले. आजीनं काहीच लपवलं नव्हतं, समोर आडवं पडलेलं तेच ती बोलली. फसवणूक केली ती “होईल सगळं ठीक” म्हणून पाठ थोपटून गेलेल्यांनी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे माहेरवाशिणी झोक्यावर बसून गाण्यांतून सासरच्यांची टर उडवतात. त्यांचा सासुरवास काय खोटा असतो?

काय करावं म्हणाल तर एकट्यानं मोबाईलवर विनोद बघत बसू नका, माणसांत जाऊन बसा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या 30 पट चारचौघांत हसतो. आणि विनोद करायचा तो ज्याचं बुडालं त्यानं. ज्याची बाग उभी होती अशा शेजाऱ्यानं आजीचं वाक्य म्हटलं असतं, तर मीच त्याला हाकललं असतं.

हो, एक राहिलं. झोप-जेवण उडालं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हसण्यावर विसंबू नका. डॉक्टरकडे जा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

काका त्या दिवशी न जेवता निघून गेले. वडिलांनी आजीच्या हातची कळण्याची भाकरी खाल्ली आणि दुपारी पंचनाम्याला पुन्हा बागेत गेले.