आधी कंठ, मग सूर

प्रिय मित्रा,

मेक्सिकोतल्या हुचितान शहरातल्या झापोतेक भाषेवर, म्हणजे दीजाझावर, काम करायचं ठरवलंस तर लगेच सुरांच्या मागे लागू नकोस. शब्दाचा अर्थ बदलणारे सूर तीनच: खालचा, वरचा, चढता. खरा घोळ कंठाचा. आ, ए, इ, ओ, उ या पाचही स्वरांची तीन-तीन रूपं आहेत: मोकळं, तोडलेलं आणि किरकिरं. तोडलेल्या स्वराच्या शेवटी कंठ झटकन मिटतो. लिहिताना तिथे वरचा स्वल्पविराम देतात. किरकिऱ्यात आवाज खरखरतो. तो स्वर दोनदा लिहितात. 'ग्ये' म्हणजे दगड, 'ग्ये’' म्हणजे फूल. 'बेञे' चिखल, 'बे’ञे’' मगर.

दीजाझा लिहायच्या 1956च्या वर्णमालेत सुराला खूणच नाही. अक्षरावरची तिरकी रेघ आघाताची, म्हणजे उच्चारातल्या जोराची असते. नवशिके हमखास तिला वरचा सूर समजतात.

म्हणून शब्दांचे आधी कंठानुसार ढीग कर आणि सुरांची तुलना एकाच ढिगात कर. प्रत्येक शब्द ठरावीक वाक्याच्या मधोमध बसवून तीनदा बोलवून घे, दर वेळी क्रम बदलून. नुसती यादी वाचली की शेवटच्या शब्दाला आवाज उतरतोच, आणि तो उतार वहीत खालचा सूर म्हणून नोंदला जातो. रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीत, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट. 'प्रात' या ध्वनी तपासायच्या संगणक-प्रणालीमध्ये किरकिऱ्या स्वरावर सूररेषा तुटते किंवा एकदम निम्म्यावर येते. तिथे रेषेवर विसंबू नकोस. ध्वनिलहर मोठी करून कंपनांमधली अंतरं बघ.

व्यंजनांत आपलं शालेय व्याकरण आडवं येतं. आपल्याकडे न आणि ल मृदूच. तिथे त्यांचीही कठोर-मृदू जोडी आहे, आणि दोन्हींत कंठाचा नाद असतो. फरक लांबीचा. आघाताच्या मोकळ्या स्वरापुढे कठोर व्यंजन आलं तर व्यंजन लांबतं, मृदू आलं तर स्वर. तेव्हा दोन्हींचे मिलिसेकंद मोज, एकाचेच नकोत. ही जोडी व्याकरणातही कामाला येते: 'गिजी' म्हणजे गाव, मालकीचा 'श्' लागला की 'श्किजी'.

क्रियापदं मागाहून घे. 'मी'च्या रूपात सूर बदलतात, तेव्हा नामं पक्की होईपर्यंत तिकडे वळूच नकोस. आणि हे ढीग दुसऱ्या कुठल्या झापोतेक भाषेला लावू नकोस. ओआहाकाच्या खोऱ्यातल्या सान लुकास कियाविनी गावच्या झापोतेकमध्ये कंठाची चौथी, हवा सोडणारी तऱ्हाही आहे.