पेठेतला बंद वाडा आणि टपालाने गेलेले पत्र

प्रश्न : माझे अशोक चौकात हार्डवेअरचे दुकान आहे. गुंतवणुकीसाठी एखादे जुने घर किंवा मोकळी जागा घ्यावी असे मनात आहे. परंतु दलालाकडून येणारी मिळकत आधीच चार जणांना दाखवून झालेली असते. अमेरिकेतील गुंतवणूकदार मालकांना थेट पत्रे पाठवून व्यवहार मिळवतात हे पाहून मीही मंगळवार पेठ आणि शुक्रवार पेठेतील 60 बंद घरांच्या मालकांना, मिळकत पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डावरची) नावे घालून, पत्रे टाकली. 11 परत आली, दोन फोन दलालांचेच आले, आणि एका बाईंनी ‘आमचे सासरे जाऊन बारा वर्षे झाली, त्यांच्या नावाने कसली पत्रे पाठवता?’ असे फैलावर घेतले. आता एकदम हजार पत्रे छापून टाकावीत का? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : हजार पत्रे टाकू नका. परत आलेली 11 पाकिटे आधी टेबलावर मांडा आणि पोस्टमनने त्यांवर लिहिलेला शेरा वाचा. ‘मयत’, ‘पत्ता सोडून गेले’, ‘घर बंद’ या तीन शेऱ्यांचे अर्थ तीन निराळे आहेत. ‘मयत’ असेल तर त्या घराला आता वारस आहेत आणि मिळकत पत्रिकेवर त्यांची नोंद कदाचित झालेली नाही. ‘पत्ता सोडून गेले’ असेल तर मालक हयात असून पुण्यात, मुंबईत किंवा भिवंडीत असू शकतो. आपण ज्याला अपयश समजता आहात, ती खरे तर आपल्या हाती आलेली पहिली खरी माहिती आहे.

अमेरिकेत ही पद्धत चालते त्याला तिथल्या नोंदी कारण आहेत. तेथील काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) दप्तरात मालकाच्या नावासोबत कराचे बिल कोणत्या पत्त्यावर जाते तेही असते, त्यामुळे घर एका गावी आणि बिल दुसऱ्या गावी जाणारे मालक यादीतून सहज वेगळे काढता येतात. मग पिवळ्या रेघी कागदावर हाताने लिहिल्यासारखी दिसणारी पत्रे त्यांना पुन्हा पुन्हा पाठवली जातात, आणि शंभरातले फार थोडे उत्तर देतील हे गृहीतच धरलेले असते. आपल्या मिळकत पत्रिकेवर धारकाचे नाव, क्षेत्र, सत्ताप्रकार आणि फेरफार मिळतात, पण धारक आज कुठे राहतो ते तिच्यावरून समजत नाही. आणि वारस नोंद करून घेण्याचा कंटाळा केलेला असेल तर नावही आजोबांचेच असते. म्हणून आपल्याकडे पत्रांची संख्या वाढवून उपयोग नाही, पाकिटावरचे नाव बरोबर असायला हवे.

60 पैकी पंधरा-वीस घरे निवडा. प्रत्येकाची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावरून घ्या आणि शेवटचा फेरफार कोणत्या वर्षीचा आहे ते पाहा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 (‘इंडेक्स 2’, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) शोधली की अलीकडे काही व्यवहार झाला आहे का हे कळते. त्यानंतर समोरच्या किराणा दुकानदाराशी दहा मिनिटे बोला. माळवदाच्या वाड्याला कुलूप कधी लागले आणि दिवाळीला ते उघडायला कोण येते, हे त्याला कुठल्याही दप्तरापेक्षा नेमके ठाऊक असते. (पोस्टमनला मात्र कुणाचा नवा पत्ता विचारू नका, तो त्याने सांगणे योग्य नाही.)

पत्र एका पानाचे, साध्या मराठीत आणि आपल्या सहीचे असावे. ‘तातडीने रोख पैसे’ अशी भाषा टाळा, कारण तिने प्रामाणिक माणूस बिचकतो. उदाहरणार्थ : ‘मी अशोक चौकातील दुकानदार आहे. आपल्या कुटुंबाची शुक्रवार पेठेतील मिळकत विकण्याचा विचार झाला असल्यास किंवा पुढे झाल्यास मला बोलण्याची इच्छा आहे. मी दलाल नाही. विचार नसल्यास हे पत्र बाजूला ठेवावे. मी पुन्हा त्रास देणार नाही.’ आकडा पहिल्या पत्रात लिहू नये. मृत व्यक्तीच्या नावाने पत्र जाऊ नये म्हणून खात्री नसेल तेथे ‘... यांचे कुटुंबीय’ असे लिहावे, आणि ज्या बाईंनी आपल्याला सुनावले त्यांना दोन ओळींचे दिलगिरीचे पत्र आजच टाकावे. पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू आणि कसब्याकडे कन्नड बोलली जाते. पत्र मराठीत चालते, परंतु भेटीला जाताना घरातील वडीलधाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा कोणी सोबत असला तर बैठक सैल होते.

वेळेचेही भान ठेवा. बाहेरगावी गेलेले सोलापूरकर संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, येतात, भावंडे एकत्र बसतात आणि वाड्याचा विषय निघतो. डिसेंबरच्या मध्यास पोहोचलेले पत्र त्या बैठकीत वाचले जाते. मे महिन्यात पाठवलेले रद्दीत जाते.

होकार आला की घाई करू नका. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला असल्यामुळे, तीन भाऊ तयार आहेत एवढ्यावर भागत नाही. बहिणींच्या सह्या किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवेच. जुना भाडेकरू असेल तर 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण त्याला आहे आणि मालक बदलल्याने तो बाहेर पडत नाही, तेव्हा किंमत ठरवताना घर रिकामे धरू नये. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. विसार (आगाऊ रक्कम) 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर तो रोखीने देता-घेता येत नाही. वकिलाकडून मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या आणि मगच साठेखत (विक्रीचा करार) नोंदवा. शहराबाहेरच्या शेतजमिनींच्या मालकांना मात्र पत्रे टाकू नका. आपण शेतकरी नसाल तर ती जमीन परवानगीशिवाय आपल्याला घेता येणार नाही.

प्रश्न : मी पुण्यात राहते. माहेरच्या सोलापुरातील घराबद्दल एका अनोळखी गृहस्थांचे ‘आपला हिस्सा विकणार का?’ असे पत्र मला आले. भावांना ते आलेले नाही. ही फसवणूक असेल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : पत्र आले म्हणून आपण कशानेही बांधल्या गेल्या नाहीत. ज्याला खरोखर घर घ्यायचे आहे तो पहिल्याच पत्रात मूळ खरेदीखत, आधारची प्रत किंवा फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक मागत नाही. तसे मागितले असेल तर उत्तर देऊ नका. भावांना वगळून एकट्या बहिणीला गाठणे हे मात्र मला खटकते. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील एकाच वारसाचा हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 नुसार त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मिळत नाही. हे जाणणारा खरेदीदार असा हिस्सा पडत्या भावात मागतो आणि नंतर वाटपाचा दावा लावतो. पत्र भावांना दाखवा, आणि त्याआधी मिळकत पत्रिका काढून आपले नाव तिच्यावर आहे की नाही ते पाहा. नसेल तर वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तपशील जोडून नगर भूमापन कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज करा. विक्री करायची असो वा नसो, हे काम आता लांबवू नये.