महागडं पेट्रोल कोणत्या गाडीला हवं?

प्रश्न : माझ्या गाडीच्या पुस्तिकेत साधं पेट्रोल लिहिलंय. तरी अधूनमधून प्रीमियमची टाकी भरली तर पिकअप वाढतो, असं मित्र सांगतात. भरू का?

नका भरू. प्रीमियम म्हणजे इथे जास्त ऑक्टेनचं पेट्रोल, आणि ऑक्टेनच्या आकड्याचा ताकदीशी थेट संबंध नाही. सिलिंडरमध्ये ठिणगीने लागलेली ज्योत पसरत जाते. ती पोचण्याआधीच कडेचं हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, की इंजिन ठोकायला लागतं. याला नॉकिंग म्हणतात. पेट्रोल त्याला किती दाद देत नाही, एवढंच ऑक्टेन सांगतं. आयसोऑक्टेनला 100 आणि हेप्टेनला 0 धरून ही मोजपट्टी बेतलेली आहे. आकडा वाढला म्हणून लिटरमागची ऊर्जा वाढत नाही. इथेनॉलचंच बघा : ऑक्टेन 100 च्या वर, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. कमी कॉम्प्रेशनच्या, म्हणजे मिश्रण कमी दाबणाऱ्या इंजिनात नॉकिंग मुळात होतच नसेल, तर जास्तीचं ऑक्टेन तिथे करणार काय?

प्रश्न : माझी टर्बो गाडी आहे. पुस्तिकेत प्रीमियमची ‘शिफारस’ आहे. साधं भरलं तर इंजिन जाईल का?

‘शिफारस’ हा शब्द तुम्ही नेमका लिहिलात, बरं झालं. सगळं उत्तर त्याच शब्दात आहे. शिफारस असेल तर साधं पेट्रोल चालतं. नॉक सेन्सर ठोका ऐकतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद कमी होते आणि मायलेजही थोडं घटू शकतं. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना हे कदाचित जाणवणारही नाही. पूर्ण भरलेली गाडी कडक उन्हात चढावर घातलीत की जाणवेल. मात्र पुस्तिकेत ‘आवश्यक’ असेल तर तडजोड नको. सेन्सर ठोका पडल्यावरच जागा होतो, आणि ठिणगी उशिरा पाडण्यालाही मर्यादा असते. सततच्या नॉकिंगने पिस्टन फुटल्यावर येणारा खर्च पेट्रोलात वाचवलेल्या पैशांनी भरून निघत नाही.

आकडे ताडताना पद्धतही बघा. रॉन आणि मॉन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धती. बऱ्याच देशांत पंपावर रॉन लिहितात, तर अमेरिकेत रॉन आणि मॉन यांची सरासरी. तिथलं 87 म्हणजे साधारण 91 रॉन.

प्रश्न : जुनी गाडी चढावर खडखडते. प्रीमियम टाकलं की आवाज थांबतो. आता कायम तेच भरू?

आवाज थांबला, पण त्यामागचं कारण तसंच राहिलं. साध्या पेट्रोलवर वर्षानुवर्षं गुमान चाललेलं इंजिन अचानक ठोकायला लागलं, तर कार्बन साचून कॉम्प्रेशन वाढलं असेल, इंजिन जास्त तापत असेल, चुकीचे प्लग बसले असतील किंवा ठिणगीचं टायमिंग सरकलं असेल. आधी मेकॅनिककडून हे तपासून घ्या. प्रीमियमने कार्बन साफ होईल, या भरवशावरही राहू नका. सफाई डिटर्जंट करतं, ऑक्टेन नव्हे, आणि ते साध्या पेट्रोलातही असू शकतं.

प्रश्न : प्रीमियम आवश्यक असलेल्या गाडीत चुकून साधं भरलं. टाकी रिकामी करू?

गरज नाही. ॲक्सिलरेटर हलका ठेवा, ओझं लादू नका, वरच्या गिअरमध्ये रेटू नका. टाकी अर्ध्यावर आली की वरून प्रीमियम भरा. मधेच ठोके ऐकू आले, तर वेग कमी करून लगेच भरा.