फोनवर बोलणाऱ्या चालकाने धडक दिली, दावा कधीपर्यंत?

प्रश्न : सिग्नलला थांबलो असताना मागून कार येऊन स्कूटरवर आदळली. चालक फोनवर बोलत होता. पायात रॉड बसवावा लागला. ‘खर्च देतो, केस नको’ म्हणाला, म्हणून तक्रार केली नाही. आता पाच महिने झाले आणि तो फोन उचलत नाही.

उत्तर : हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहेच. तुमचं घोडं अडलंय ते कलम १६६(३) पाशी. १ एप्रिल २०२२ पासून भरपाईचा अर्ज अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तोंडी शब्दावर पाच महिने घालवलेत, आता एक दिवसही घालवू नका.

आजच पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. उशिराचं कारण त्यातच लिहा, त्याचे व्हॉट्सअॅप मेसेज जोडा. पोलीस तक्रारीला उशीर झाला, नुसत्या तेवढ्याने दावा बुडत नाही. खरी भीती दवाखान्याच्या कागदांची आहे. पोलिसांची कटकट नको म्हणून ‘घरात घसरून पडलो’ असं सांगितलं असेल, तर विमा कंपनी तेच वाक्य पुढे करील. केसपेपर आधी काढून वाचा.

कॉल रेकॉर्ड मोबाइल कंपनीकडून पोलीस किंवा न्यायालयच मागवू शकतं. तक्रारीत चालकाचा मोबाइल नंबर आणि अपघाताची वेळ द्या. व्हॉट्सअॅप कॉल त्यात कॉल म्हणून दिसत नाही, आणि फोन हातात होता की ब्लूटूथवर, हेही कळत नाही. सीसीटीव्हीचं चित्रण बहुधा पुसलं गेलं असेल. म्हणून फोनच्या पुराव्यासाठी दावा अडवून ठेवू नका. थांबलेल्या स्कूटरला मागून धडक, एवढ्यावरही निष्काळजीपणा बऱ्यापैकी उभा राहतो.

दावा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो. चालक, मालक आणि विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करा. कंपनीचं नाव गाडीच्या नंबरवरून एमपरिवहन अॅपवर सापडतं. चालक फोनवर होता म्हणून कंपनीला तुमची भरपाई नाकारता येत नाही. रक्कम किती मिळेल, ते अपंगत्वाचा दाखला आणि उत्पन्नाचे कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दाखला यायला वेळ लागला तर तो नंतर जोडा, अर्ज मात्र मुदतीत दाखल करा.