वाढलेला मासा मोज

प्रिय पोरी,

तुझी यादी नीट वाचली. घरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळायला चार फुटी टाकी, मऊ प्रवाळ, आणि त्यात व्होलिटान लायनफिश, पँथर ग्रूपर, स्नोफ्लेक ईल, क्लाउन ट्रिगर हे चार शिकारी मासे, शिवाय छोट्या क्लाउनफिशची जोडी आणि दोन क्लीनर श्रिंप, म्हणजे कोळंबीच. खाली विचारलंयस की दुकानदार म्हणतो, सगळे लहान आहेत, एकत्र वाढले की एकमेकांना सांभाळून घेतात. वाचायला गेलं तर जो तो वेगळंच सांगतो. मग खरं कुणाचं? खरं एवढंच आहे: वाढलेला मासा मोज. दुकानात पिशवीत दिसतो तो मोजू नकोस.

शिकारी मासा शेजारधर्म पाळत नाही. तोंडात मावेल ते त्याचं अन्न. लायनफिश स्वतःच्या लांबीच्या निम्म्याएवढा मासा आरामात गिळतो, आणि ग्रूपरचा जबडा त्याहून मोठा असतो. सहा महिने शेजारी राहिलेला क्लाउनफिश एका रात्रीत नाहीसा होतो तेव्हा लोक म्हणतात, अचानक काय झालं याला? अचानक काहीच होत नाही. सहा महिन्यांत तोंड वाढलं आणि क्लाउनफिश आहे तेवढाच राहिला.

आता तुझ्या यादीवर पट्टी लाव. पँथर ग्रूपर दुकानात दोन-अडीच इंचांचा असतो, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, पोहताना डुलतो, बघताक्षणी कुणीही घेईल असा. तो पूर्ण वाढतो सत्तर सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस इंच. तुझ्या टाकीची रुंदी चोवीस. त्याला वळताही येणार नाही. व्होलिटान लायनफिश पंधरा इंचांपर्यंत जातो आणि पंख उघडले की तेवढीच जागा आडवीही घेतो. क्लाउन ट्रिगर वीस इंचांचा, शिंपले आणि साळींदरासारखे काटे असलेले सी-अर्चिन फोडणाऱ्या दातांचा. तो प्रवाळ चावेल, श्रिंप खाईल आणि लायनफिशचे लांब पंख कुरतडून त्याला उपाशी मारेल. क्लीनर श्रिंप या सगळ्यांत फक्त महागडा खाऊ ठरतो. म्हणजे यादीतली फक्त स्नोफ्लेक ईल उरते.

'मोठे झाले की मोठी टाकी घेईन' हे वाक्य मला परत लिहून पाठवू नकोस. सहा फुटी टाकी घेणारच असशील तर आज घे, मग मासा घे. वाढलेला ग्रूपर कुणी परत घेत नाही. लातूरहून पंधरा-सोळा इंचांचा मासा जिवंत मुंबईला पोचवणं हेही सोपं काम नाही. नको झालेला मासा पाण्यात सोडून देण्याचं काय होतं ते अटलांटिकच्या किनाऱ्यावर दिसतं. तिथला नसलेला लायनफिश फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिल्यांदा सापडला, तो पाळणाऱ्यांनी सोडलेल्या माशांमधून आल्याचं मानलं जातं, आणि आज तो कॅरिबियनभर पसरून तिथले स्थानिक मासे फस्त करतो आहे. आपल्याकडे मांजऱ्यात किंवा जायकवाडीत सोडला तर तो गोड्या पाण्यात तडफडून मरेल, एवढाच फरक.

यावर कुणी मला हट्टी म्हणतं. म्हणू दे. या एका गोष्टीवर मी तसूभर हलत नाही, कारण बाकी सगळ्या चुका दुरुस्त होतात. खारटपणा चुकला तर पाणी बदलता येतं, दिवा चुकला तर दिवा बदलता येतो. चुकीचा मासा वाढायचा थांबत नाही. छोट्या टाकीत ठेवला की तो छोटाच राहतो, असं सांगणारे भेटतील. त्या माशाची वाढ खुंटते, तो आजारी पडतो, आणि जगायचा त्याच्या कितीतरी आधी मरतो.

आता तुझ्या टाकीत काय बसतं ते सांगतो. चार बाय दोन बाय दोन फूट म्हणजे साडेचारशे लिटरच्या आसपास, दगड आणि वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी साडेतीनशे धर. यात फझी ड्वार्फ लायनफिश ठेव. तो सहा-सात इंचांवर थांबतो आणि व्होलिटानचा सगळा रुबाब त्याच्यात आहे. बरोबर मरीन बेटा, आठ इंचांचा, काळ्या अंगावर पांढरे ठिपके, दिवसा कपारीत बसणारा. एक स्नोफ्लेक ईल, जी टाकीत दोन-अडीच फुटांची होते आणि बोथट दातांनी मुख्यतः खेकडे-कोळंबी फोडून खाते. उघड्यावर पोहणारा हवा म्हणून फॉक्सफेस, नऊ इंचांपर्यंत, शेवाळ खाणारा. आणि एक कोले टँग, सात इंचांचा. एवढंच. ब्लूथ्रोट ट्रिगर प्रवाळाला त्रास देत नाही हे तुझं वाचन बरोबर आहे, पण तो दहा इंचांच्या आसपास जातो. सहा फुटी टाकीशिवाय त्याचा विचार नको.

विकत घेताना लायनफिश तीन इंचांचा असेल तर बाकीचे चार इंचांच्या खाली नकोत. क्रम असा ठेव: आधी लायनफिश आणि बेटा, मग ईल, मग फॉक्सफेस, आणि टँग सगळ्यात शेवटी. तुला हे उलटं वाटेल. पण शिकारी असणं आणि भांडखोर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायनफिश भुकेपोटी खातो, जागेसाठी भांडत नाही. शेवाळ खाणारा टँग मात्र आधी आला तर सगळी टाकी आपली समजतो आणि नंतर येणाऱ्याच्या अंगावर शेपटीचा काटा चालवतो. शिवाय लायनफिश आणि बेटा सावकाश खाणारे. त्यांना स्थिर व्हायला निवांत टाकी मिळाली पाहिजे.

वाळू घालण्याआधी दगड थेट तळाच्या काचेवर बसव. ईल वाळूत शिरते, वाळूवर टेकलेला दगड तिच्याखाली कलंडतो. प्रवाळ वरच्या भागात गोंदाने घट्ट चिकटव, तिच्या वाटेत नुसते टेकवून ठेवू नकोस. हे मासे सहसा प्रवाळ खात नाहीत. प्रवाळाला त्रास होतो तो त्यांच्या खाण्यामुळे. आठवड्यातून दोन-तीनदाच पण भरपेट मांस, म्हणजे त्या रात्री पाण्यात घाणीचा मोठा लोंढा. म्हणून प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, टाकीच्या दुप्पट क्षमतेचा घे आणि लेदर, मशरूम, झोअँथिड या मऊ प्रवाळांवर थांब. त्या घाणीतून साठणारं नायट्रेट दहा-वीस पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दहा-वीस भाग) गेलं तरी ते तगतात. झोअँथिड हाताळताना हातमोजे घाल आणि त्यांचा दगड कधीही उकळू नकोस, त्यांच्यातलं विष वाफेतून येतं. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, समुद्री घोडेही. 'रामेश्वरमचा माल आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही.

पाण्याचं लातूरला वेगळं सांगायला नको. ज्या गावाला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तिथे आपण आरओ लावतोय, तेव्हा हिशेब चोख हवा. बोअरचं पाणी जड असतं, ते चालणार नाही. घरच्या पिण्याच्या आरओचंही नाही, कारण त्यात बहुधा क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात. उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन जोडलेला आरओ लागतो आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं. पहिल्यांदा टाकी भरताना हजार-दीड हजार लिटर. म्हणून टाकी भरायची तर पावसाळ्यात, बोअरला पाणी असताना, आणि वाया जाणारं पाणी पिंपात धरून फरशीला, संडासाला वापरायचं. पुढे आठवड्याला चाळीस लिटर बदलायचं, त्याला दीड किलो मीठ लागतं. मीठ म्हणजे अ‍ॅक्वेरियमचं रीफ सॉल्ट. खारटपणा १.०२५ (विशिष्ट गुरुत्व), रिफ्रॅक्टोमीटरवर मोजून. टाकी भरल्यावर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन स्थिर व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एकही मासा नाही.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकीला हवं पंचवीस-सव्वीस अंश. पावपासून अर्ध्या एचपीपर्यंतचा चिलर घे, पण त्याची गरम हवा खोलीबाहेर गेली पाहिजे. तो कपाटात कोंडला तर स्वतःच्याच उष्णतेशी झुंजत बसतो. आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे: पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. त्याच खोलीत डेझर्ट कूलर मात्र लावू नकोस. कूलर हवा दमट करतो आणि पंख्याचा गुण जातो. उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याची, खाऱ्याची नाही. काचेचं झाकण उष्णता कोंडतं आणि झाकण नसेल तर ईल रात्रीतून बाहेर पडते. लाकडी चौकटीत बारीक नायलॉन जाळी ताण, कडेला पाइप जातात तिथली फट बुजव, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी बाहेर वाहतं त्या खाचांच्या, दातांवरही जाळी लाव. लाइट गेली की आधी प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर रिटर्न पंप, म्हणजे पाणी टाकीत परत ढकलणारा पंप, ठेव आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असू दे.

मासा मुंबईहून ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या पेटीत रात्रभर येईल. तेवढ्या वेळात पिशवीत अमोनिया साठतो, पण माशाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच खाली असतो, म्हणून तो अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून उघडलेल्या पिशवीत तासनतास थेंब-थेंब पाणी सोडत बसायचं नाही. दुकानदाराला आधी खारटपणा विचार, क्वारंटाइनच्या, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवायच्या, टाकीत तेवढाच ठेव, बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगू दे, मग उघडून मासा लगेच हलव. पिशवीतलं पाणी टाकीत नाही.

हो, क्वारंटाइन. शंभर लिटरची, वाळू-दगड नसलेली टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, आणि किमान चार आठवडे. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले तर तांब्याचं औषध इथेच, टेस्ट किटने मोजून; ईलला ते सोसत नाही, तिला देऊ नकोस. मुख्य टाकीत तांबं गेलं की प्रवाळ संपले. आणि रोग मुख्य टाकीत शिरला तर ती अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. म्हणून हा महिना वाचवायला जाऊ नकोस.

याच महिन्यात लायनफिशला खायला शिकव. तो सुरुवातीला जिवंतच मागतो. गोल्डफिश, गप्पी देऊ नकोस. गोड्या पाण्यातल्या माशांत त्याला लागणारी समुद्री स्निग्धद्रव्यं नसतात आणि यकृतात चरबी साठून तो मरतो. पहिले काही दिवस लहान झिंगे दे, आदल्या दिवशी त्यांना माशांचा फ्लेक खाऊ घालून. मग पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या काडीला सोललेल्या कोळंबीची पट्टी लाव, दिवे मंद कर आणि ती त्याच्यापुढे वीतभर अंतरावर हळूहळू थरथरव. आधी तो एका डोळ्याने बघेल, मग दुसऱ्या. दोन्ही पंख सुपासारखे उघडून अंगुळभर पुढे येईल आणि थांबेल. इथे घाई करून काडी त्याच्या तोंडाकडे नेऊ नकोस, उलट किंचित मागे घे. पळणारी गोष्ट त्याला खरी वाटते. मग जबडा इतक्या झटकन उघडतो की काडी रिकामी झाल्याचंच आधी कळतं. एकदा हे जमलं की कोळंबी, माकूळ, पांढऱ्या मांसाचा समुद्री मासा आलटून-पालटून दे, एकाच खाऊवर ठेवू नकोस. आठवड्यातून तीनदा, पोट किंचित फुगेल इतकंच. तो मागत राहील. तू देऊ नकोस.

टाकीत हात घालताना लायनफिश कुठे आहे ते आधी बघ आणि मगच घाल. पाठीवरचे काटे विषारी असतात, फॉक्सफेसचेही. काटा लागला तर बर्फ नाही. जखम धुऊन सोसवेल तितक्या गरम पाण्यात, ४३ ते ४५ अंशांत, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेव. ते विष उष्णतेने निकामी होतं. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने घे, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. वेदना कमी झाल्या तरी डॉक्टरकडे जा, आणि श्वास लागला किंवा चक्कर आली तर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठ. लातूरच्या डॉक्टरांकडे असा रुग्ण रोज येत नाही, तेव्हा लायनफिशचं नाव आणि गरम पाण्याचा उपचार एका चिठ्ठीवर लिहून टाकीच्या स्टँडवर बाहेरून चिकटवून ठेव, घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी.

तुझा,
काका