डॉक्युमेंटेशन नसलेला कोड स्क्रिप्ट लावून शोधावा का?

तुमचा प्रश्न असा: ऑफिसातला जुना कोड, बराचसा पायथन आणि थोडा सी++, कुठेही काही न लिहिता तसाच पडून आहे. ज्या सरांनी तो लिहिला ते पुढच्या महिन्यात नोकरी सोडताहेत. कुठे काय लिहायचं राहिलंय ते स्क्रिप्टने शोधून खूण करता येईल का?

येईल, एका दुपारचं काम आहे. पण यादी हातात आल्यावर तिचं काय करता, त्यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून आमच्याकडे काय झालं ते सांगतो.

मी रत्नागिरीत काम करतो. चार जणांचं ऑफिस आहे आणि आमचं मुख्य सॉफ्टवेअर आंबा बागायतदारांसाठी. तोडणी, पेट्या, गाडीभाडं, वाशी मार्केटमधून येणारी पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद), शिवाय पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना थेट पाठवलेल्या पेट्या, असा सगळा हिशोब त्यात होतो. त्यात पेटी कुठल्या तारखेला निघणार हे काढणारं एक फंक्शन आहे. त्याला एक आकडा द्यावा लागतो, नाव 'अढी_दिवस', पण रोमन अक्षरांत लिहिलेलं. इथल्या माणसाला यात विचारण्यासारखं काही नाही. कच्चा आंबा पेंढ्यात रचून पिकायला ठेवतात ती अढी, ती जितके दिवस ठेवायची ते अढीचे दिवस. पण रोमनमध्ये 'अढी' आणि 'आधी' दोन्हींचं स्पेलिंग एकच, ए-डी-एच-आय. बाहेरून नव्याने आलेल्या आमच्या सहकाऱ्याने ते 'आधीचे दिवस' असं वाचलं. आधीचे दिवस तारखेत मिळवलेले पाहून त्याला ती उघड चूक वाटली आणि त्याने अधिकचं वजा केलं. टेस्टही पास झाली, कारण टेस्टमधला माल वाशीला जाणारा कच्चा होता आणि कच्च्या मालाला अढीचे दिवस 0. शून्य मिळवा नाहीतर वजा करा, तारीख तीच येते.

मग ऐन हंगामात, 20 एप्रिलला उतरवलेल्या आंब्याची पेटी 11 एप्रिललाच निघाली, असे मेसेज गिऱ्हाइकांना गेले. बागायतदाराचा फोन दिवसभर वाजत होता. लोकांना वाटलं, जुना माल गळ्यात मारतोय. त्या मुलाचा मी काही दोष मानत नाही. अढी म्हणजे काय हे सांगणारी एक ओळसुद्धा त्याच्यासमोर नव्हती. (पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीतही ठेवता येतं. तसं असतं तर हा घोळ झालाच नसता, असं मला आजही वाटतं.)

हंगाम संपल्यावर पावसाळ्यात आम्ही स्क्रिप्ट लिहिली. पहिला सल्ला: ग्रेपने (मजकूर शोधणाऱ्या कमांडने) '#' ही कमेंटची खूण शोधत बसू नका. बंद करून ठेवलेला जुना कोडही त्यात कमेंट म्हणून मोजला जातो. पायथनचं स्वतःचं 'एएसटी' मॉड्यूल वापरा, ते कोडची रचना झाडासारखी मांडून देतं. फाइल पार्स करायची, झाडातून फिरत प्रत्येक फंक्शन आणि क्लास गाठायचा, आणि 'गेट_डॉकस्ट्रिंग' (डॉकस्ट्रिंग म्हणजे फंक्शन किंवा क्लासच्या सुरुवातीला लिहिलेलं त्याचं वर्णन) रिकामं आलं की फाइलचं नाव, ओळ आणि फंक्शनचं नाव लिहून काढायचं. असिंक ('async def'ने लिहिलेल्या) फंक्शनचा त्या झाडातला नोड वेगळा असतो, तो विसरू नका. टेस्ट आणि आपोआप तयार झालेल्या फाइली सुरुवातीलाच वगळा. हे हाताने लिहायचं नसेल तर 'रफ' या कोड तपासणाऱ्या टूलमधले डी100 ते डी103 हे नियम किंवा तशाच पायलिंटचा सी0116 जवळपास हेच सांगतात. तरी स्वतःची स्क्रिप्ट लिहा असं मी म्हणेन, कारण पुढची गाळणी आपल्याला हवी तशी लावता येते.

आमची पहिली यादी चारशेच्या वर गेली. मी सगळ्यांना आठवड्याची मुदत दिली, आणि ती माझी मोठी चूक होती. आठवड्याने यादी रिकामी झाली खरी, पण 'भाव_काढा' नावाच्या फंक्शनखाली 'भाव काढतो' एवढंच लिहिलेलं. असं डॉकस्ट्रिंग नसण्यापेक्षा वाईट, कारण स्क्रिप्टची खूण जाते आणि वाचणाऱ्याला मिळत काहीच नाही. आम्ही ते सगळं काढून टाकलं आणि स्क्रिप्टमध्ये एक तपासणी वाढवली: डॉकस्ट्रिंगमधले शब्द फंक्शनच्या नावातलेच असतील तर ते लिहिलेलंच नाही असं धरायचं. इंग्रजीत डॉकस्ट्रिंग लिहीत असाल तर हे चार ओळींत होतं.

मग उलट्या बाजूने गेलो. आजची यादी जशी आहे तशी एका टेक्स्ट फाइलमध्ये रेपोत (कोडच्या सामायिक साठ्यात) ठेवली. स्क्रिप्ट प्रत्येक मर्जच्या वेळी, म्हणजे नवा कोड मुख्य कोडमध्ये मिसळताना, चालते आणि त्या फाइलमध्ये नसलेलं नवीन नाव सापडलं तरच अडवते. जुन्याची सक्ती नाही, पण नवीन कर्ज काढायचं नाही. जुन्या फंक्शनला कुणी हात लावला तर त्याने तिथे लिहायचं आणि ते नाव यादीतून काढायचं.

तुमच्याकडे मात्र महिनाच आहे, त्यामुळे तुम्हाला यादी माणसाप्रमाणे लावावी लागेल. प्रत्येक फंक्शनच्या ओळींवर 'गिट ब्लेम' (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटची कमांड) चालवा आणि ज्या फंक्शनच्या बहुतेक ओळी त्या सरांच्या नावावर आहेत तेवढीच वेगळी काढा. ब्लेम शेवटी ज्याने ओळ बदलली त्याचं नाव दाखवतं. मध्ये कुणी सगळ्या कोडचं फॉरमॅटिंग केलं असेल तर सगळं त्याच्याच नावावर दिसेल. 'डब्ल्यू'चा पर्याय दिला की फक्त मोकळ्या जागांचे बदल धरले जात नाहीत, आणि गिट 2.23 पासून काही कमिट (नोंदवलेले बदल) वगळायची यादीच देता येते. त्यानंतर गेल्या वर्षभरात जास्त वेळा बदललेल्या फाइली वर आणा. तीन-चार ओळींची फंक्शन तळाला जाऊ द्या.

आमच्याकडे निवृत्त होणारे काका होते. त्यांच्या नावावर साठेक फंक्शन निघाली. रोज संध्याकाळी चहानंतर अर्धा तास मी यादी घेऊन त्यांच्याशेजारी बसायचो. फंक्शन काय करतं ते मी विचारत नसे, ते कोड वाचून कळतं. हे असं का आहे, एवढंच विचारायचो. गाडीभाड्याच्या एका फंक्शनमध्ये 7 जून ही तारीख थेट लिहिलेली होती आणि तिच्यानंतर भाड्यात एक रक्कम वाढत होती. मी ते कुठल्यातरी जुन्या कराराचं समजून काढायला निघालो होतो. काका म्हणाले, "अरे, सात जून म्हणजे मृग. मृग लागला की गाडीला ताडपत्री, तिचे पैसे वेगळे." हे मला कुठल्याच स्क्रिप्टने सांगितलं नसतं. स्क्रिप्टने मला त्या ओळीपाशी नेलं, तेही काका शेजारी बसलेले असताना. आता तिथे तेच वाक्य लिहिलेलं आहे. आणि अढीच्या फंक्शनखाली असं आहे: 'अढी म्हणजे पेंढ्यात पिकत ठेवलेले दिवस, "आधी" नव्हे. तोडणीच्या तारखेत मिळवायचे. कच्च्या मालाला 0.'

सी++साठी वेगळी स्क्रिप्ट लिहू नका, कोडमधल्या कमेंटवरून डॉक्युमेंटेशन तयार करणारं डॉक्सिजन हे टूल पुरेसं आहे. त्याच्या सेटिंगमध्ये 'वॉर्न इफ अनडॉक्युमेंटेड' (काही लिहिलेलं नसेल तिथे सूचना देणारं) चालू ठेवा, पण 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' बंदच हवं. ते चालू राहिलं तर या सूचना गुपचूप बंद होतात आणि सगळं व्यवस्थित आहे असं वाटतं. सूचना लॉग फाइलमध्ये काढल्या की त्यातून फाइल आणि ओळ उचलून वरच्याच यादीत मिसळता येतात.

मर्जची तपासणी पुढच्या महिन्यात बसवली तरी चालेल. यादी मात्र उद्याच काढा, तिची प्रिंट घ्या आणि सरांना रोजचा अर्धा तास मागा.