टेक्सासमध्ये क्रेडिट कार्डाचं कर्ज थकलं तर राहतं घर जातं का?

धंदा बसला, कार्ड कंपनीने कोर्टातून निकाल मिळवला, आता ऑस्टिनचं राहतं घर एलएलसीच्या, म्हणजे स्वतःच्या मर्यादित दायित्वाच्या कंपनीच्या, नावावर करू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात करू नका. हा सल्ला देणाऱ्यांशी माझं कायमचं वाजतं. कंपनीला होमस्टेडचा, म्हणजे राहतं घर धनकोपासून (पैसे येणे असलेल्यापासून) वाचवण्याचा, हक्क नसतो. मालक बदलला की तुमचाच दावा लंगडा होतो, आणि मॉर्गेजवाली (गृहकर्ज देणारी) बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते.

क्रेडिट कार्डाच्या कर्जासाठी राहतं घर जात नाही: हे संरक्षण देणारं टेक्सासच्या राज्यघटनेचं कलम १६, विभाग ५० घराला आपोआप लागू होतं. शहरात १० एकरांपर्यंत, ग्रामीण भागात कुटुंबाला २०० एकरांपर्यंत. किमतीला मर्यादा नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टला (करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाला) भरलेला होमस्टेडचा फॉर्म मालमत्ता करापुरता असतो. तो राहून गेला म्हणून घर उघड्यावर पडत नाही.

खरी अडचण घर विकताना येते. धनको काउंटी क्लर्ककडे (जिल्ह्याच्या नोंदणी कार्यालयात) निकालाचा गोषवारा नोंदवून ठेवतो. लीन, म्हणजे मालमत्तेवरचा बोजा, होमस्टेडवर चढत नाही, पण टायटल कंपनीला (विक्रीआधी मालकीचे कागद तपासणाऱ्या कंपनीला) तो रेकॉर्डवर दिसतो आणि क्लोजिंग, म्हणजे विक्रीचा शेवटचा व्यवहार, अडतं. लोक घाबरून पैसे भरून टाकतात. भरू नका. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडच्या (मालमत्ता कायद्याच्या) ५२.००१२ प्रमाणे होमस्टेडचं प्रतिज्ञापत्र करा. त्याची प्रत आणि ते नोंदवणार असल्याचं पत्र सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह, धनकोच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पाठवा. कोर्टाच्या कागदांतला त्याचा पत्ता वेगळा असेल तर तिथेही, आणि त्याच्या वकिलालाही. मग किमान ३० दिवस थांबून, टपालाच्या दाखल्यासह काउंटीत नोंदवा. वकिलाचा पत्ता सुटला किंवा २५व्या दिवशीच नोंदवलं, तर टायटल कंपनी कागद परत करते. म्हणून खरेदीदार मिळायच्या आधीच हे सुरू करा. धनकोने उलट प्रतिज्ञापत्र नोंदवलं तर मात्र वकील लागेल.

विक्रीचे पैसे सहा महिने सुरक्षित असतात. ते वेगळ्या खात्यात ठेवा, पगारात मिसळू नका.

मॉर्गेज, होम इक्विटी कर्ज (घर तारण ठेवून काढलेलं कर्ज), मालमत्ता कर, आयआरएस (संघीय कर खातं) आणि घराच्या कामाचा रीतसर लेखी करार केलेला कंत्राटदार यांच्यापुढे मात्र हे संरक्षण चालत नाही. बहुतेक ठिकाणी एचओएची (वसाहतीच्या घरमालक संघाची) थकबाकीही त्यातच धरा. दिवाळखोरीचा अर्ज करणार असाल तर घर कधी घेतलं ते आधी बघा: अर्जाआधीच्या १,२१५ दिवसांत घेतलेल्या घराच्या संरक्षणाला संघीय कायद्याची रकमेची मर्यादा लागते, एप्रिल २०२५ पासून २,१४,००० डॉलर. टेक्सासमधलंच जुनं घर विकून त्यातून आलेली रक्कम या मर्यादेत धरत नाहीत.